ई-स्कूटरची मोटर बदलायचीये? आधी टॉर्क आणि पॉवरचं गणित मांडा

"२५० वॅटची गाडी आहे, एकटा असलो की मस्त पळते, डबलसीट चढावर मात्र जीव टाकते, १००० वॅटची मोटर बसवली तर चढेल ना?" हा प्रश्न सारखा कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तर बहुतेक वेळा "हो चढेल, टाकून टाक" असंच मिळतं. मग माणूस दहा-पंधरा हजार घालतो, टॉप स्पीड वाढतो, आणि चढावर गाडी परत तशीच, वर कंट्रोलर (बॅटरीचा करंट मोजून-मापून मोटरला देणारा डबा) जळतो तो वेगळाच. कारण मोटरच्या स्टिकरवरचे वॅट बघून ती चढेल का हे कळतच नाही. चढ चढवतो टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर), टॉर्क येतो फेज करंटमधून (कंट्रोलर मोटरला देतो तो करंट), स्पीड येतो व्होल्टेजमधून, आणि या दोघांच्या गुणाकाराचं बिल बॅटरी भरते. एवढं डोक्यात बसलं की कुठली मोटर घ्यायची ते तुम्हाला स्वतःला काढता येतं, दुकानदाराला विचारायची गरज पडत नाही. खाली सगळं आकड्यांसकट देतोय, कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

आधी कायद्याचं, कारण हे लोक शेवटपर्यंत टाळतात

रजिस्ट्रेशन आणि लायसन्स न लागणारी जी लो-स्पीड स्कूटर असते, तिला केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये एक ठरलेली चौकट आहे. मोटरची पॉवर ०.२५ किलोवॅटच्या आत (ही ३० मिनिटं सलग देता येणारी पॉवर असते, पीक म्हणजे थोडाच वेळ मिळणारी कमाल पॉवर नाही), स्पीड ताशी २५ किमीच्या आत, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. यातली एकही गोष्ट ओलांडली की ती कायद्याने मोटार वाहन झाली, मग टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला सरकारी मंजुरी), नंबर प्लेट, लायसन्स, इन्शुरन्स सगळं आलं. आणि नंबर प्लेट असलेल्या हाय-स्पीड गाडीत मोटर बदलली तर आरसीवरच्या माहितीशी गाडी जुळत नाही, तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. महाराष्ट्रात २०२२ मध्ये परिवहन विभागाने बेकायदा पॉवर वाढवलेल्या ई-बाईकवर कारवाईची मोहीमच काढली होती. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला सगळ्यात आधी हेच बघणार.

त्यामुळे खालचं मोठ्या मोटरचं काम शेतावरची गाडी, कंपनीच्या किंवा सोसायटीच्या खाजगी आवारातली गाडी, कॉलेजचा प्रोजेक्ट असल्यांसाठी धरा. रस्त्यावर चालवायची असेल तर मंजूर झालेलाच मार्ग, म्हणजे जुन्या पेट्रोल गाडीला एआयएस-१२३ (इलेक्ट्रिक किटसाठीचं मानक) प्रमाणे मान्यता मिळालेलं किट बसवून आरटीओत नोंद करणं, नाहीतर सरळ हाय-स्पीड स्कूटर घेणं. मात्र लगेच खाली जे तपासायला सांगतोय ते प्रत्येकाने करावं, कारण कित्येक गाड्यांचा प्रॉब्लेम मोटरचा नसतोच.

मोटरला दोष देण्याआधी

चाक स्टँडवर हाताने फिरवून बघा, ब्रेक घासत असेल तर दोन फेऱ्यांत थांबेल. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितल्याएवढी भरा. आणि मग मल्टिमीटर बॅटरीला लावून कुणाला तरी चढावर गाडी चालवायला सांगा, तुम्ही मागे बसून आकडा बघा. पाच लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांची ६० व्होल्टची गाडी उभी असताना ६३ दाखवते आणि चढावर सरळ ५२-५३ वर येते, तर प्रत्येक बॅटरी सरासरी १०.५ व्होल्टवर आलीये, कंट्रोलर कट मारणारच. अशावेळी पाचही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, लोड असतानाच. बरेचदा चार बऱ्या असतात आणि एकच ८-९ व्होल्टवर पडलेली असते. तिथे मोटर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात, उलट नवी मोटर जास्त करंट ओढून उरलेल्या चार पण लवकर संपवेल.

हे सगळं ठीक असेल तर पुढे चला.

पायरी १ : चाकाला किती जोर लागतो ते काढा

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. २० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला तुम्ही २० किलोचा जोर लावला तर नटवर साधारण ४० न्यूटन मीटर टॉर्क पडतो (२० किलो गुणिले ९.८१ गुणिले ०.२ मीटर). दहा इंची चाकाच्या स्कूटरला टायर धरून त्रिज्या साधारण २१ सेंटीमीटर असते. म्हणजे मोटरने चाकाला ४० न्यूटन मीटर दिले तर टायर रस्त्याला साधारण १९ किलोच्या जोराने मागे ढकलतो आणि तेवढ्याच जोराने गाडी पुढे जाते. बस, एवढंच आहे ते.

आता तुमच्या चढावर किती जोर लागतो ते बघू. गाडी ८० किलो, दोन माणसं मिळून १४० किलो, एकूण २२० किलो धरू. चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. आपल्याकडे घाटरस्ते डिझाइन करताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे साधारण ५ ते ८ टक्क्यांत ठेवतात, त्यामुळे ८ टक्के म्हणजे घाटातला कडक टप्पा समजा. शहरातले फ्लायओव्हर याच्या निम्म्याहून कमी असतात, आणि सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचा रॅम्प बहुतेक वेळा याहून उभा असतो. तुमचा चढ मोजायचा असेल तर मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप रस्त्यावर एका लांब सरळ फळीवर ठेवून बघा, ५ अंश आले तर ८.७ टक्के.

चढाचा जोर : २२० × ९.८१ × ०.०८ = साधारण १७३ न्यूटन
टायरचं घर्षण : २२० × ९.८१ × ०.०१५ = साधारण ३२ न्यूटन
एकूण २०५ न्यूटन.

याला त्रिज्येने गुणायचं, २०५ × ०.२१ = ४३ न्यूटन मीटर. हा तुमचा आकडा. एवढा टॉर्क मोटरने सलग दिला, न जळता, तरच गाडी तो चढ चढणार. थोडा पिकअप पण हवा म्हणून वर २०-३० टक्के ठेवा, म्हणजे ५५ धरा. हवेचा अडथळा मी मुद्दाम सोडलाय, कमी स्पीडला तो किरकोळ असतो.

पायरी २ : आता पॉवर

पॉवर = टॉर्क × आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) ÷ ९.५५. नाहीतर त्याहून सोपं, जोर गुणिले स्पीड (स्पीड मीटर प्रति सेकंदात, किमीला ३.६ ने भागा). तोच चढ ताशी २० किमीने चढायचा असेल तर २०५ × ५.५६ = ११४० वॅट. २५ किमीने चढायचा तर १४२० वॅट. जोर तोच, टॉर्क तोच, फक्त घाई वाढली की पॉवर वाढते.

आता उलटं बघा. २५० वॅटची मोटर, पीकला ५५० देते असं धरलं तरी ५५० ÷ २०५ = २.७ मीटर प्रति सेकंद, ताशी जेमतेम १० किमी. सलग २५० वरच राहिली तर साडेचार किमी, माणूस चालत पुढे जाईल. म्हणजे गाडी खराब नाहीये, तिच्याकडून जे मागताय ते तिच्यात नाहीच.

सपाट रस्त्यावरचं पण सांगतो, कारण टॉप स्पीडच्या मागे लागणाऱ्यांना हे माहिती हवं. त्याच डबलसीट गाडीला सपाटीला ४५ किमीला साधारण ११०० वॅट लागतात आणि ६० किमीला साधारण २२००. स्पीड फक्त १५ ने वाढला आणि पॉवर डबल. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनाने, त्यामुळे वरच्या स्पीडसाठी बॅटरी कशी संपते ते लक्षात येईल.

जाहिरातीतले आकडे वाचताना

टीव्हीएस आयक्यूबला हब मोटर आहे, टॉर्क १४० न्यूटन मीटर आणि पीक पॉवर ४.४ किलोवॅट सांगतात. एथर ४५०एक्सचा टॉर्क २६ न्यूटन मीटर आणि पीक पॉवर ६.४ किलोवॅट. आता नुसता टॉर्क बघून कुणी म्हणेल की आयक्यूब पाचपट जोरदार, पण तसं नाहीये. आयक्यूबचा आकडा थेट चाकावरचा, कारण हब मोटरमध्ये मोटर म्हणजेच चाक. एथरची मोटर चाकात नाही, मधे बेल्टचं रिडक्शन आहे, तिथे आरपीएम कमी होतो आणि त्याच पटीत टॉर्क वाढून चाकापर्यंत पोचतो. त्यामुळे तुलना करायची तर चाकावरच्या टॉर्कचीच करा, नाहीतर पॉवरची.

अजून एक गंमत बघा, ४४०० × ९.५५ ÷ १४० = ३००. म्हणजे गणिताने १४० चा टॉर्क ३०० आरपीएमपर्यंतच मिळू शकतो, बारा इंची चाकाला ते साधारण ताशी २६ किमी होतात. त्यापुढे पॉवरची मर्यादा लागते आणि टॉर्क उतरत जातो. प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीचं असंच असतं, सुरुवातीला सपाट टॉर्क आणि मग उतरता. म्हणून "मॅक्स टॉर्क इतका" असं लिहिलं असेल तर कुठल्या स्पीडपर्यंत, हे विचारायचंच.

पायरी ३ : मोटरचं वाइंडिंग (आतल्या तांब्याच्या तारेचे वेढे) ओळखा, खरी गोष्ट इथे आहे

प्रत्येक मोटरचा एक आकडा असतो, एका व्होल्टला किती आरपीएम फिरते. चाक हवेत उचला, फुल थ्रॉटल द्या, आरपीएम आणि बॅटरीचा व्होल्टेज मोजा, भागाकार करा. कंट्रोलरमध्ये स्पीड लिमिट असेल तर हा आकडा चुकीचा येतो, मग मोटर कंट्रोलरपासून सोडवून चाक बाहेरून फिरवायचं, कुठल्याही दोन फेज वायरमधला (मोटरच्या तीन जाड वायरी) एसी व्होल्टेज मोजायचा, त्याला १.४१ ने गुणायचं आणि आरपीएमला त्याने भागायचं. विकत घेताना विक्रेत्याला सरळ विचारा, "६० व्होल्टला नो-लोड (म्हणजे चाक हवेत असताना) आरपीएम किती?" ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडून मोटर घेऊ नका.

आणि ९.५५ ला त्या आकड्याने भागलं की एका अँपिअरला किती न्यूटन मीटर मिळतात ते येतं. दोन मोटरी समोर ठेवू, दोन्ही ६० व्होल्ट १००० वॅटच्या.

पहिली, नो-लोड ७५० आरपीएम. म्हणजे व्होल्टला १२.५, एका अँपिअरला ०.७६ न्यूटन मीटर. आपल्या ४३ न्यूटन मीटरसाठी ५६ अँपिअर फेज करंट. टॉप स्पीड लोडवर साधारण ४५-४७.

दुसरी, नो-लोड ४८० आरपीएम. व्होल्टला ८, एका अँपिअरला १.१९ न्यूटन मीटर. त्याच चढाला ३६ अँपिअर. टॉप स्पीड साधारण ३०.

स्टिकर दोन्हींवर सारखाच! कंट्रोलर जर फेजला ४५ अँपिअरच देणारा असेल तर पहिली मोटर त्या चढावर अडकणार आणि दुसरी चढणार. घाटातलं गाव, उताराची शेतं, पन्हाळ्यासारखा भाग असेल तर मी डोळे झाकून दुसरी घ्या म्हणेन. त्याच मापाची मोटर असेल तर तांबं दोन्हीत सारखंच असतं, त्यामुळे तेवढ्या टॉर्कला मोटर तेवढीच तापते हे खरं, पण कंट्रोलर आणि वायरी कमी तापतात आणि जळायला लागतात त्या आधी त्याच.

मोटर खरंच दमदार आहे का हे बघायचं तर वजन आणि आतल्या मॅग्नेटची रुंदी विचारा, ३० मिमी, ३५, ४०, ४५ अशा येतात. व्यास सारखा असेल तर जेवढी रुंदी जास्त तेवढा सलग टॉर्क जास्त. वॅटचा स्टिकर कुणीही छापतो, तांबं आणि लोखंडाचं वजन मात्र लपवता येत नाही.

चाक लहान केलं की टॉर्कची गरज कमी होते हेही लक्षात ठेवा. बारा इंचीला तोच चढ जास्त टॉर्क मागतो, त्यामुळे दिसायला छान म्हणून मोठं चाक टाकणाऱ्यांनी हे गणित परत करावं.

पायरी ४ : उष्णता

करंट डबल केला की टॉर्क डबल होतो (एका मर्यादेपर्यंत, पुढे लोखंड सॅच्युरेट होतं, म्हणजे करंट वाढवूनही टॉर्क तेवढा वाढत नाही), पण तांब्यातली उष्णता चौपट होते. हब मोटरला फॅन नाही, पाणी नाही, आतली उष्णता हवेच्या फटीतून कव्हरपर्यंत येते आणि तिथून बाहेर. साध्या एन-ग्रेडच्या निओडिमियम मॅग्नेटची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते, त्यापुढे ते कायमचे कमजोर होऊ शकतात, एच ग्रेडला १२०. मॅग्नेट कमजोर झाला की मोटर चालते, पण त्याच चढाला जास्त करंट ओढते, मग अजून तापते.

कव्हरला हात लावून समजत नाही, आत वाइंडिंग खूप जास्त गरम असतं. मोटर उघडली असेल किंवा नवीन ऑर्डर करत असाल तर वाइंडिंगला टेंपरेचर सेन्सर असलेलीच घ्या आणि कंट्रोलरमध्ये त्याची मर्यादा सेट करा. सेन्सर नसेल तर एक नियम पाळा, चढावर गाडी एकदम हळू ओढत नेऊ नका. फुल थ्रॉटल आणि स्पीड ५-६, ही मोटरसाठी सगळ्यात वाईट स्थिती, बॅटरीतून येणारं बहुतेक सगळं उष्णतेत जातं.

पायरी ५ : कंट्रोलर आणि बॅटरी

कंट्रोलरला दोन वेगळे करंट असतात आणि विक्रेते बहुतेक एकच सांगतात. बॅटरी करंट म्हणजे बॅटरीतून किती ओढतो, आणि फेज करंट म्हणजे मोटरला किती देतो. कमी स्पीडला फेज करंट बॅटरी करंटच्या दोन-तीन पट असू शकतो, कंट्रोलर व्होल्टेज खाली आणून करंट वाढवतो. म्हणून सुटताना डिस्प्लेवर १५ अँपिअर दिसतात आणि तरी गाडी झेप घेते.

आपल्या उदाहरणात चाकावर ११४० वॅट हवेत. मोटर आणि कंट्रोलर मिळून चढावर ७८ टक्के कार्यक्षम धरले तर बॅटरीतून १४६० वॅट, लोडवर ५८ व्होल्ट धरले तर २५ अँपिअर. म्हणजे कंट्रोलर बॅटरी साइडला ३० अँपिअर आणि फेजला ६०-७० अँपिअरचा बघा. बीएमएसवर (लिथियम बॅटरीतलं संरक्षण सर्किट) सलग ३०-४० अँपिअर लिहिलेले असले पाहिजेत, २० चा असेल तर चढाच्या मध्यात गाडी बंद पडणार, मागून ट्रक येत असताना. लेड-अ‍ॅसिडवर करंट वाढला की हाती येणारी क्षमताच घटते, त्यामुळे २८ अँपिअर अवरची बॅटरी २५ अँपिअर ओढल्यावर एक तास चालेल असं अजिबात समजू नका.

६० चं ७२ व्होल्ट करायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने स्पीड २० टक्के वाढतो, टॉर्क फेज करंट तोच असेल तर तेवढाच राहतो, चढाला फायदा शून्य. वर २० सेलचा लिथियम-आयन पॅक फुल चार्जला ८४ व्होल्ट असतो, कंट्रोलर उघडून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर काय लिहिलंय बघा, ६३ व्होल्ट असेल तर तो फुटणार. १०० व्होल्टचे हवेत, आणि मॉसफेटही (करंट चालू-बंद करणारे कंट्रोलरमधले स्विच) त्याच मापाचे.

वायर बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत ६ स्क्वेअर मिमी तांब्याची, लग (टोकाचे धातूचे टर्मिनल) नीट क्रिंप केलेले, म्हणजे दाबून बसवलेले. एमसीबी डीसी रेटिंगचाच, घरातला एसीचा लावू नका, डीसीचा आर्क (ठिणगी) त्यात विझत नाही आणि आत वितळतो.

पायरी ६ : बसवणं

मोटर जेवढा टॉर्क चाकाला देते तेवढाच उलटा एक्सलला देते, आणि तो अडवतात फक्त एक्सलचे दोन सपाट भाग. ते १० मिमी अंतरावर असतील आणि टॉर्क ६० न्यूटन मीटर असेल तर त्या कडांवर ६००० न्यूटनच्या आसपास जोर येतो, म्हणजे ६०० किलो. जुना स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) २५० वॅटसाठी बनवलेला असतो. एक्सल खाचेत किंचितही हलत असेल तर आधी ते दुरुस्त करा, आणि दोन्ही बाजूंना जाड स्टीलचे टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणाऱ्या पट्ट्या) लावा, ६ मिमीच्या खाली नको. रीजन ब्रेकिंग (मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी चार्ज करणं) चालू असेल तर जोर पुढे-मागे दोन्हीकडे येतो आणि नट हळूहळू सुटतो, तिथे तर टॉर्क आर्मशिवाय चालवूच नये.

हॉल सेन्सर (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला सांगणारे) जोडण्याआधी तपासा. लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, मग पिवळी, हिरवी, निळी. चाक हाताने हळू फिरवा, प्रत्येक सिग्नल ० आणि ५ च्या आसपास बदलला पाहिजे. १२० अंशांच्या मोटरीत तिन्ही एकदम ० किंवा तिन्ही एकदम ५ कधीच यायला नकोत, आले तर एखादा सेन्सर गेलाय. फेज आणि हॉल रंगाला रंग जोडून चाक हवेत फिरवा. नो-लोडला करंट १ ते ३ अँपिअर असतो, आवाज एकसारखा असतो. करंट ५-६ च्या वर आणि चाक थरथरत असेल तर जोडणीचा क्रम चुकलाय, तसंच थ्रॉटल देत राहू नका. सेल्फ-लर्न वायर (कंट्रोलरला जोडणीचा क्रम आपोआप शोधायला लावणारी) असेल तर ती वापरा, काम सोपं होतं.

ब्रेकबद्दल एकच सांगतो. २५ वरून ५० वर गेलात की थांबवायची ऊर्जा चौपट, आणि पुढचा छोटा ड्रम त्यासाठी बनलेलाच नाही. पुढे डिस्क आणि ब्रेक लीव्हरचा कट-ऑफ स्विच चालू नसेल तर गाडी आवारातही चालवू नका.

पायरी ७ : पहिली चाचणी

पहिल्या दिवशी कंट्रोलरचा करंट अर्ध्यावर सेट करून सपाटीला चालवा. मग एकट्याने चढ, मग डबलसीट. प्रत्येक वेळी खाली उतरून तीन ठिकाणी तापमान बघा : मोटरचं कव्हर, एक्सलमधून फेज वायर बाहेर येते ती जागा, आणि कंट्रोलरची बॉडी. वायरची जागा कव्हरपेक्षा जास्त गरम लागली तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, करंट वाढवायच्या आधी ते काम करा.

आणि एक्सल नट योग्य टॉर्कला आवळून झाले की नट, वॉशर आणि स्विंग आर्म यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. दर आठवड्याला नुसती नजर टाकायची. रेघ सरकलेली दिसली तर गाडी तिथेच थांबवा, नट काढून एक्सलचे सपाट भाग आणि खाच घासलीये का ते बघा, आणि घासली असेल तर नुसता नट आवळून परत चालवू नका, टॉर्क आर्म बदलल्याशिवाय नाही.